नावाशिवाय रक्त थांबत नाही

आर्वेला स्टिल्टनर रक्त थांबवते, हे आमच्या डोंगरातल्या लिक फोर्क गावात कुणी कुणाला सांगत बसत नसे. विहिरीला पाणी आहे हे कुणी सांगत बसतं का? कुऱ्हाड पायावर उतरली, दाढ काढल्यावर रक्त राहीना, बाळंतिणीच्या अंगावरचं थांबेना, की माणूस आधी टॉवेल दाबायचा आणि मग फोन उचलायचा. शाळेच्या स्वयंपाकघरातला फोन वाजला की बाकीच्या बायका हातातली पळी तशीच धरून गप्प व्हायच्या. आर्वेला एप्रनला हात पुसायची आणि एवढंच विचारायची, "पूर्ण नाव काय?"

पलीकडून नाव यायचं. आईबापांनी ठेवलेलं, मधल्या नावासकट. ती भिंतीकडे तोंड करायची, बायबलातली एक ओळ मनातल्या मनात म्हणायची, त्या ओळीत ते नाव घालायची आणि फोन ठेवून घेवड्याच्या पातेल्याकडे परत जायची. तोवर पाच मैलांवर रक्त थांबलेलं असायचं. माणूस समोर असावा लागत नसे. तिला कुणी काही द्यायचं नाही आणि आभार तर मुळीच मानायचे नाहीत; आभार मानले की जखम पुन्हा उघडते. ही ओळ तिला म्हाताऱ्या हार्लेस सुतारानं दिली होती, कारण ती पुरुषानं बाईला आणि बाईनं पुरुषालाच द्यायची असते, आणि तीही नात्याबाहेर. तीस वर्षांत ओळ एकदाही वाया गेली नव्हती. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. माझ्या नडगीवर करवतीचा व्रण आहे, त्यामुळे मला हसू येत नाही.

तिचा नवरा खाणीत छप्पर कोसळून गेला. त्यात रक्ताचा थेंब सांडला नव्हता, त्यामुळे तिच्या हातात काही नव्हतं. मूलबाळ नाही. रविवारी चर्च, बाकीचे दिवस शाळेतली दोनशे पोरांची जेवणं, आणि गुरुवारी कुस्ती. गुरुवार हा तिचा सण होता. सहा वाजता ती केस विंचरून, निळा कोट घालून पायरीवर उभी राहायची आणि शेजारची व्हेस्टा मलिन्स तिला गाडीतून राखीव पलटणीच्या हॉलवर न्यायची, कुस्त्या तिथेच व्हायच्या. व्हेस्टाला कुस्तीत काडीचा रस नव्हता. आर्वेलाला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून व्हेस्टा यायची आणि आल्यावर शेजारी बसून लोकर विणायची.

"नुरा कुस्ती आहे सगळी," व्हेस्टा सुया चालवत म्हणायची. "आत ठरवून येतात. तू पड, मग मी पडतो."

"पडल्यावर लागत नाही का?"

"लागतं की. गादी असते खाली."

"मग तू जाऊन पड एकदा."

"मला कोण पाडणार, मी दोनशे पौंडांची आहे."

आर्वेलाचा लाडका पैलवान होता सनी टॅकेट. सोनेरी केस, खाणकामगाराचं हेल्मेट घालून रिंगमध्ये यायचा आणि म्हाताऱ्या बायांना वाकून नमस्कार करायचा. त्याचा वैरी बॅरन फॉन क्रोल. काळा झगा, एका डोळ्यावर काच, आणि बोलणं असं की तोंडात गरम बटाटा धरलाय. तो जर्मन आहे, असं जाहिरातीवर छापलेलं असायचं. त्यानं तीन वर्षं सनीला छळलं होतं, आणि आर्वेलानं तीन वर्षं त्याला दुसऱ्या रांगेतून असे शब्द ऐकवले होते, जे पाद्र्यानं ऐकले असते तर तिला चर्चमधून काढलं असतं.

महिन्यातून एकदोनदा सनीचं कपाळ फुटायचं. बॅरन त्याचं डोकं लोखंडी खांबावर आदळायचा, सनी पालथा पडायचा आणि उठायचा तो तोंडभर रक्त घेऊन. आर्वेलाला ते बघवायचं नाही. सवयीनं तिच्या मनात ओळ यायची, सनी टॅकेट हे नाव तीत घालून. आणि रक्त वाहतच राहायचं.

पहिल्या वर्षी तिनं मनावर घेतलं नाही. हॉलमधल्या गोंगाटात आपलं चित्त लागत नसेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या वर्षी ती घरी जाऊन जेवेनाशी झाली. व्हेस्टाकडे उत्तर तयार होतं.

"डुकराचं रक्त आहे ते. पिशवीत भरून आणतात. तुझी ओळ डुकराला कशी लागेल?"

हे आर्वेलाला पटलं असतं तर बरंच झालं असतं. पण एका गुरुवारी सनी दोरावरून तिच्या पुढ्यातच कोसळला आणि निळ्या कोटाच्या बाहीवर चार थेंब उडाले. घरी येऊन तिनं बाही नाकाशी धरली. दर नोव्हेंबरला ती डुकरं कापत आली होती. डुकराचं रक्त आणि माणसाचं रक्त अंधारातसुद्धा तिनं वेगळं ओळखलं असतं. हे माणसाचं होतं. रक्त खरं होतं. म्हणजे मग खोटी होती ती तिची ओळ.

त्या रात्री तिला जी भीती वाटली तिला नाव नव्हतं. नवरा गेला तेव्हा तिला दुःख झालं होतं, भीती वाटली नव्हती.

जुलैत शाळेला सुट्टी होती, त्यामुळे लाकडाच्या गिरणीवरून फोन आला तो घरी. ओटिस रॅटलिफचा हात पात्यात गेला होता. "ओटिस वेन रॅटलिफ," मुकादमानं न विचारताच सांगितलं. आर्वेलानं भिंतीकडे तोंड केलं, ओळ म्हटली, आणि मग तिनं जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. तिनं विचारलं, "थांबलं?"

"नाही, मावशी."

तिनं पुन्हा म्हटली. "आता?"

"येतंय अजून. मावशी, तुम्ही आहात ना तिकडे?"

पाचव्यांदा थांबलं. ओटिस जगला, पण चार दिवस भिंतीसारखा पांढरा होता आणि त्याच्या बायकोनं आर्वेलाकडे बघून नजर फिरवली. पुढचा फोन कुणाचा असेल आणि तेव्हा पाच वेळा म्हणण्याइतका वेळ असेल का, हा प्रश्न आर्वेलाला सोडेना. मनात शंकेचा खडा होता, आणि तो काढल्याशिवाय ओळ लागू पडणार नव्हती. तिनं भाजी निवडताना, झाडताना, प्रार्थनेत एकच विचार केला, आणि शेवटी तिला सुचलं की रक्त खरं, ओळ खरी, मग उरलं काय? नाव उरलं.

ऑगस्टच्या जत्रेत भर दुपारी कुस्त्या होत्या, गुरांच्या प्रदर्शनाच्या मांडवाला लागून. आर्वेला दोन तास आधी गेली आणि पैलवानांच्या गाड्या उभ्या होत्या तिथे जाऊन थेट सनीसमोर उभी राहिली. तो पायरीवर बसून बूट बांधत होता. जवळून त्याचं कपाळ नांगरलेल्या वावरासारखं दिसत होतं.

"बाळा, तुझ्या आईनं तुझं नाव काय ठेवलं?"

"सनी टॅकेट, मावशी."

"ते जाहिरातीवरचं. बारशाचं विचारते."

"बारशाचंच आहे ते."

"हे बघ, मी कुणाला सांगणार नाही. मी रक्त थांबवते. तुझं थांबत नाही. आणि तुझं थांबत नाही म्हणून आता दुसऱ्यांचंही अडायला लागलंय."

सनी हसला नाही. त्यानं बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. तोही डोंगरातलाच असावा, कारण त्याला हे सगळं समजावून सांगावं लागलं नाही. क्षणभर तिला वाटलं, आता सांगेल.

"मावशी," तो म्हणाला, "मी सनी टॅकेट आहे. माझ्याकडे दुसरं काही नाही."

त्या धंद्याची रीतच तशी. वैरी म्हणून लढणाऱ्या दोघांनी एका गाडीतून जायचं नाही, एका टेबलावर जेवायचं नाही, आणि खरं नाव सख्ख्या मित्राजवळही काढायचं नाही. एकदा का ते सुटलं की तिकीट काढून कोण येणार? आर्वेलाला हे ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं की हा चांगला माणूस डोळ्यात डोळे घालून खोटं बोलतोय, आणि तिला फार वाईट वाटलं.

कुस्ती सुरू झाली. तिसऱ्या डावाला बॅरननं त्याचं डोकं खांबावर नेलं. सनी पालथा पडला, दोन्ही हात तोंडाशी घेऊन, नेहमीसारखा. उठला तेव्हा लोक ओरडले, आणि आर्वेला ओरडायची थांबली. रक्त वाहत नव्हतं, उडत होतं. हृदयाच्या ठोक्याबरोबर थांबून थांबून, वीतभर लांब. पंच डेलबर्ट ननलीनं ते पाहिलं आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे धरले. ही त्यांची आपसातली खूण, की आता हे खरं आहे. लोकांना खूण कळली नाही. त्यांना वाटलं आजचा खेळ काहीतरी वेगळाच आहे, आणि ते आणखी जोरात ओरडू लागले.

सनीला उचलून गुरांच्या मांडवात नेलं. रुग्णवाहिका फाटकाबाहेर गाड्यांच्या रांगेत अडकली होती. पाच मिनिटांत डेलबर्ट धावत आर्वेलाकडे आला. त्याची पांढरी पंचाची विजार गुडघ्यापर्यंत लाल झाली होती.

"मावशी, चला. टॉवेल पुरेना."

मांडवात वाळलेल्या गवताचा वास होता. दोन्ही बाजूंना फळ्यांच्या कप्प्यांत बक्षिसाच्या मेंढ्या होत्या, साठेक असतील, आणि एकही ओरडत नव्हती. सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या, गवतावर निजवलेल्या माणसाकडे. आर्वेला त्याच्याजवळ बसली. त्याच्या मनगटाला गुंडाळलेल्या पट्टीत काहीतरी चमकलं म्हणून तिनं बोटानं चाचपलं. दाढीच्या पात्याचा नखाएवढा तुकडा होता.

"हे कुणी केलं?" तिनं विचारलं.

डेलबर्टनं मान खाली घातली. "त्यानंच. नेहमी तोच करतो. आज खोल गेलं."

तीन वर्षं ज्या रक्तासाठी तिनं देवाला आळवलं, ते याच्याच हातचं होतं. पण रागवायला वेळ नव्हता.

"नाव सांग त्याचं."

"मला ठाऊक नाही, मावशी. बायबलाची शपथ."

"बाळा," ती सनीच्या कानाशी वाकली, "आता सांग."

त्याचे ओठ मेणासारखे झाले होते. ते हलले. "सनी टॅकेट," तो म्हणाला. मरायला टेकला तरी खोटं नाव सोडीना. याला हट्ट म्हणायचं की इमान, ते ज्याचं त्यानं ठरवावं. तिनं त्याच नावानं ओळ म्हणून पाहिली, आणि टॉवेलखालून रक्त गवतात उतरत राहिलं.

तेवढ्यात दाराशी बॅरन आला. काळा झगा तसाच, डोळ्यावरची काच पडलेली. बाहेर लोक त्याच्या नावानं शिव्या देत फळ्यांवर मुठी आपटत होते आणि फटींना डोळे लावून आत बघत होते.

"तुला ठाऊक आहे याचं नाव?" आर्वेलानं विचारलं.

बॅरननं फटींमधले डोळे पाहिले. "मला काय ठाऊक?" तो त्या बटाट्याच्या आवाजात म्हणाला. "मी ह्या कुत्र्याला ओळखत नाही."

आर्वेला त्याच्याकडे बघत राहिली. काच नसल्यामुळे त्याचा चेहरा पहिल्यांदाच पुरता दिसत होता. कानांच्या पाळ्या गालाला चिकटलेल्या होत्या. खाली निजलेल्याच्याही तशाच.

"लोकांसमोर याला ओळखू नकोस," ती हळूच म्हणाली. "पण तुमची आई तुला विचारेल, तिला काय सांगशील?"

तो उभा होता तिथेच गुडघ्यांवर बसला. बाहेरच्यांना वाटावं की म्हातारीला धमकावतोय, म्हणून त्यानं तिच्या कोटाची गळपट्टी मुठीत धरली आणि तोंड तिच्या कानाशी नेलं. जो आवाज आला तो आमच्या डोंगरातला होता, चुलीपाशी बसून बोलणाऱ्या कुणाचाही असेल असा. "लोवेल यूजीन प्रेटर. माझा धाकटा आहे, मावशी."

तिनं ओळ म्हटली. एकदाच. नळ फिरवल्यासारखं रक्त थांबलं. डेलबर्टनं टॉवेल उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. एका कप्प्यात एक मेंढी ओरडली आणि मग साठही ओरडायला लागल्या.

बॅरननं बोलायला तोंड उघडलं. आर्वेलानं त्याच्यावर तळवा दाबला. "आभार मानू नकोस. उघडेल." तो उठला, झगा झटकला आणि बाहेर जाऊन गर्दीला जर्मन शिव्या देऊ लागला. लोकांनी त्याला मक्याची कणसं फेकून मारली.

त्यानंतरचे चार आठवडे आर्वेलाच्या आयुष्यातले सगळ्यांत हलके होते. दोन फोन आले, दोन्ही वेळा एकदाच म्हणावं लागलं. शंकेचा खडा निघाला होता. मांडवात काय झालं ते तिनं व्हेस्टालाही सांगितलं नाही. नावं तिच्याकडे यायची आणि तिच्याकडेच राहायची. हे नाव काही वेगळं नव्हतं, असं तिला वाटलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी सनी परत आला. टाके निघाले होते. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आर्वेला दुसऱ्या रांगेत निळा कोट घालून बसली होती, आनंदानं. ठरल्याप्रमाणे बॅरननं त्याला खांबावर नेलं, ठरल्यासारखा सनी पालथा पडला आणि हात तोंडाशी गेले. तो उठला.

कपाळावर, केसांच्या खाली, दोन बोटं लांब चीर होती. दिव्याखाली ती सगळ्या हॉलला दिसत होती. उघडी होती, पांढरी होती, आणि कोरडी होती.

आर्वेलानं ओठ गच्च मिटले होते. पण ओळ ओठांनी म्हणायची नसतेच. त्याला पडताना पाहिलं आणि नाव आलं, नावामागून ओळ आली, शिंक यावी तशी. तिनं ती मागे ओढायचा प्रयत्न केला. हार्लेस सुतारानं थांबवायचं शिकवलं होतं. वाहू द्यायचं शिकवलं नव्हतं.

सनीनं हात कपाळाला लावून पाहिला. हात स्वच्छ. तो पुन्हा पालथा पडला, पुन्हा उठला. आता चिरा दोन होत्या. मग तीन. कपाळ तोंडासारखं उघडलं होतं आणि आतून काहीच येत नव्हतं. मग मागून कुणीतरी हसलं.

"रबराचं कपाळ आहे रे."

"खोटं आहे. आमचे पैसे परत द्या."

"सांगत नव्हतो? खोटं आहे सगळं."

खुर्च्या वाजायला लागल्या. व्हेस्टाच्या सुया मांडीवर पडल्या होत्या. तिनं आर्वेलाचं मनगट धरलं. "आर्वेला," ती पुटपुटली, "खोटं नाही हे. मला त्याचं हाड दिसतंय."

सनी गुडघ्यांवर होता. त्यानं मान वर केली आणि रांगांमधून कुणालातरी शोधलं, आणि त्याला आर्वेला सापडली. भ्यालेल्या माणसाचे डोळे होते ते. आणि तो पुन्हा खाली वाकला. चौथ्यांदा, त्याहून खोल.

मग बॅरननं तिला पाहिलं. तो दोरावर चढला आणि हात लांब करून बोट तिच्यावर रोखलं. "ही म्हातारी चेटकीण," तो गरजला. "हिला बाहेर काढा. हिचं तोंड बघितलं की मला शिसारी येते."

सगळा हॉल पेटला. कुणी बाटली फेकली, कुणी खुर्ची. "मावशी, बसा तुम्ही," बाजूचा खाणकामगार म्हणाला, "बघतोच त्याला." पण आर्वेला त्या बोटाच्या वरती बघत होती, त्याच्या डोळ्यांत. इतकं गयावया करणारं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती उठली. लोक वाट देत होते, तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि त्या दुष्टानं एका विधवेला रडवलं म्हणून त्याला शाप देत होते. ती खरंच रडत होती. ते नाव मनात येऊ नये म्हणून दारापर्यंत ती शाळेच्या जेवणाचा आठवडा घोकत गेली. सोमवार घेवडा, मंगळवार बटाटा, बुधवार मक्याचा पाव, गुरुवार. गुरुवारी काय असतं तिला आठवेना. दार तिच्यामागे लागलं. ती पार्किंगमध्ये थंडीत उभी राहिली, आणि थोड्या वेळानं आतून हॉलभर गर्जना आली. रक्त आलं होतं.

आर्वेला पुन्हा कुस्तीला गेली नाही. व्हेस्टा मात्र जायला लागली, एकटी, विणकाम घरी ठेवून. एकदा तिनं पायरीवर थांबून सांगायला सुरुवात केली, "आज सनीनं," आणि आर्वेलानं तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. व्हेस्टा महिनाभर रुसली.

नऊ वर्षं तो लिक फोर्कच्या हॉलमध्ये लढत राहिला. नऊ वर्षं दर गुरुवारी सात वाजले की आर्वेला दिवाणखान्यात खुर्ची ओढून बसायची, रेडिओ मोठा करायची आणि शाळेतल्या पोरांची नावं मोठ्यानं म्हणायला लागायची, पहिलीपासून, एकेक वर्ग करत, पूर्ण नावं, मधल्या नावासकट. माणूस समोर असावा लागत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिला तो पोरगा फार आवडायचा. आणि तो जगावा म्हणून तिला आठवड्यातले दोन तास त्याला विसरावं लागायचं. साडेआठपर्यंत आवाज बसायचा. नऊ वाजता ती रेडिओ बंद करायची आणि मग त्याची आठवण काढायची.